मुलांना गोष्ट हवी, उपदेश नव्हे

आपल्या शहरात चार वडीलधारी मराठी मंडळी एकत्र आली, की बोलणे फिरून फिरून एका तक्रारीवर येते : "हल्लीची मुले मराठी वाचीत नाहीत." लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात, मैफल संपल्यावर जोडे शोधताना, कुठेही ही तक्रार कानी पडते. तक्रार खोटी नाही. परंतु ती करणाऱ्या सद्गृहस्थांना उलट एक प्रश्न विचारला, तर बहुधा उत्तर मिळत नाही. आपल्या घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी आपण शेवटचे मराठी पुस्तक कधी विकत आणले, आणि ते कोणते?

उत्तर मिळालेच तर ते ठरलेले असते. एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, सुविचारांचा संग्रह, स्तोत्रांची पुस्तिका, किंवा आपण स्वतः लहानपणी वाचून डोळे ओले केलेले एखादे जुने पुस्तक. ही पुस्तके वाईट आहेत असे कोण म्हणेल? पण त्यांतले एकही मुलाने मागितलेले नसते. ते आपण त्याच्या हातात दिलेले असते, आणि देतानाच आपला चेहरा असा गंभीर होतो की पोर समजून चुकते : यात औषध आहे. मग तेच पोर रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणाखाली इंग्रजी साहसकथा वाचते. तिथे मात्र त्याला कोणी 'वाच, वाच' म्हणून सांगावे लागत नाही.

मी गाणे शिकवतो. साहित्याच्या प्रांतात मला अधिकार नाही, हे मी जाणतो. पण लहान मुलाला एखाद्या गोष्टीची गोडी कशी लागते आणि कशी कायमची उडते, हे पाहण्यातच माझी वीस-बावीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या जोरावर हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुण्या-मुंबईची मंडळी आपल्याविषयी हळहळतात, की बिचाऱ्या परप्रांतीय मराठी मुलांना मराठी वाचता तरी कसे यावे? आपणही ती हळहळ पदरात घेऊन बसतो. वस्तुस्थिती निराळी आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या मराठी मुलाला अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागतो. इंदूरच्या मुलाला तसे काही करावे लागत नाही. बहुतेकांच्या शाळेत मराठी हा विषय नसला तरी हिंदी असते, आणि हिंदीची लिपी तीच आपली लिपी. एक 'ळ' तेवढा त्याला समजावून सांगावा लागतो. तो तर 'बाळ', 'जवळ', 'खेळ' या शब्दांतून त्याच्या कानांवर जन्मापासून पडलेला आहे. म्हणजे दार उघडे आहे, उंबरठाही ठेंगणा आहे. आत येण्याजोगे काही मांडून ठेवले आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आता ज्याची आपल्या शहराने फारशी आठवण ठेवलेली दिसत नाही, अशा एका माणसाविषयी सांगतो. भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत, हे ३१ मे १९१० रोजी याच इंदुरात जन्मले. पुढे त्यांचे आयुष्य महाराष्ट्रात गेले, २००१ मध्ये ते वारले, आणि आज त्यांचे नाव निघाले की लोकांना पुणे आठवते. ते साहजिकही आहे. कारण त्यांचा मानसपुत्र बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. सडपातळ अंगाचा, सायकलीवरून वाऱ्यासारखा जाणारा, तोंडाने 'टॉक्' करणारा आणि नको तिथे नाक खुपसून संकट ओढवून घेणारा हा 'फास्टर फेणे' महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचा सोबती झाला. त्याची वीस पुस्तके निघाली. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटातही आला. पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी मुलाचे पाय शिवशिवतात : एकात तो प्रतापगडावर आहे, एकात चक्रीवादळात सापडला आहे, एकात गुलमर्गचे गूढ उकलतो आहे.

भागवतांनी फेणेच्याही आधीपासून मुलांसाठी लिहिले. १९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' नावाचे मासिक काढले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराला त्यांनी मराठी मुलांच्या ओळखीचा करून दिला. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान' ही नावे ज्यांच्या लहानपणात होती त्यांना ती अजून विसरता आलेली नाहीत. भागवत भाषांतर करीत तेव्हा मुलाला परक्या घरी पाहुणा नेल्यासारखे अवघडायला होत नसे. वाक्ये आखूड, शब्द बोलण्यातले, आणि मध्येच एखादी अशी कोटी की वडीलधारी माणसेही हसावीत. 'बिपीन बुकलवार' या त्यांच्या दुसऱ्या नायकाचे आडनावच पाहा! पुस्तके खाणारा मुलगा हा गोष्टीचा नायक होऊ शकतो, हे मराठीत त्यांनी दाखवून दिले.

भागवतांचे नाव मुद्दाम घेण्याचे कारण केवळ गावाचा अभिमान नव्हे. मराठी बालवाङ्मयाचा आरंभ उपदेशाने झाला. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'बालमित्र' आणि इसापनीती मराठीत आणली. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक निघाले, १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' आला. या सर्वांचे उपकार मोठे आहेत. पण या नावांकडेच लक्ष द्या. 'बोधा'पासून 'आनंदा'पर्यंत यायला आपल्याला पंचवीस वर्षे लागली. आणि आपल्या घरात, पुस्तक विकत घेणाऱ्या बापाच्या मनात, तो प्रवास अजूनही पुरा झालेला नाही.

साहसकथा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्यांना व्हर्नचीच एक गंमत सांगतो. 'समुद्र सैताना'तला तो गूढ कप्तान निमो कोण, हे व्हर्नने त्या कादंबरीत सांगितले नाही. पुढे १८७५ च्या सुमारास 'गूढ बेटा'च्या कादंबरीत ते उघड केले. निमो हा आपल्या शेजारच्या बुंदेलखंडचा राजपुत्र! नाव डक्कार, १८५७ च्या रणात उतरलेला, आणि पराभवानंतर जमिनीवर इंग्रजांचे राज्य आहे म्हणून समुद्राच्या तळाशी निघून गेलेला. इतकेच नव्हे, तर १८८० मध्ये व्हर्नने एक कादंबरी लिहिली, तीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उत्तर हिंदुस्थानातून एक घरच्या घर ओढीत नेतो, आणि विंध्य-नर्मदेच्या मुलखात दस्तुरखुद्द नानासाहेब पेशवे वावरत असतात. फ्रान्समध्ये बसलेल्या एका माणसाला आपल्या मुलखात साहस दिसले. आपल्याला आपल्या मुलखात काय दिसते? बदल्या, प्लॉट आणि परीक्षेचे गुण.

वास्तविक ज्या गावात आपण राहतो ते गाव मुलांच्या गोष्टींनी भरलेले आहे. तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून घाट चढून इंदुरापर्यंत रेल्वे आली. पहिले इंजिन हत्तींकडून ओढवून आणले, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. म्हणजे व्हर्नने हत्तीचे यंत्र केले, आणि आपल्याकडे हत्तीने यंत्र ओढले! तो पाताळपाणी-काळाकुंडचा घाट, ते बोगदे, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा, स्टेशनावर पानात मिळणारा कलाकंद. मांडूच्या जहाजमहालातले ते अर्धवट अंधारे जिने. महेश्वरचा घाट आणि संध्याकाळी त्यावरून सुटणाऱ्या नावा. आणि आपला सात मजली राजवाडा. एखाद्या बारा वर्षांच्या मराठी मुलीने किंवा मुलाने या जागी चोराचा माग काढावा, जुना नकाशा शोधावा, पुरात अडकलेल्या मित्राला सोडवावे, याला अजून काय हवे? सामग्री जागच्या जागी आहे. लिहिणारा हात मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो.

आता थोडे माझ्या धंद्यातले. माझे वडील दरबारी गवई. दरबाराची अखेरची वर्षे तेवढी त्यांच्या वाट्याला आली. मिसरूडही फुटलेले नव्हते तेव्हापासून ते आपल्या गुरूंच्या मागे तंबोरा धरून बसत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती बैठक उठली ती उठलीच. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मला गाणे त्यांनीच शिकवले, आणि माझ्याकडून पलटे घोटून घेण्याची त्यांची एक रीत होती. पहाटे रियाजाला बसण्याआधी ते एक गोष्ट सुरू करीत. जुन्या गवयांची, बीनकारांची, नाना पानशांच्या पखवाजाची, कधी निव्वळ मनाने रचलेली. जंगलातून चाललेल्या गवयाची वाट चोरांनी अडवली, त्यातल्या म्होरक्याने तलवार उपसली, आणि म्हणाला... इथे वडील थांबत, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळू लागत आणि म्हणत, "पुढचे पलटे झाल्यावर." मी पलटे घोटीत असे ते संगीतावरच्या भक्तीने मुळीच नव्हे. म्होरक्या काय म्हणाला, हे मला कळायला हवे होते!

पुढे कळत्या वयात माझ्या ध्यानात आले, की वडील मला नुसते आमिष दाखवीत नव्हते. ते मला समेची ओढ शिकवीत होते. आपल्या संगीताचा सारा प्राण या ओढीत आहे. आवर्तन सुरू होते, गवई दूर दूर जातो, आता हा परत येतो की नाही असे वाटू लागते, श्रोता जागच्या जागी पुढे सरकतो, आणि नेमक्या मात्रेवर सम येते. शंभर माना एकदम डुलतात. ज्याला समेची वाट पाहता येत नाही त्याला गाणे ऐकता येत नाही, मग त्याला रागांची नावे कितीही पाठ असोत. वाचनाचेही तसेच आहे. 'पुढे काय झाले?' ही वाचनाची पहिली ओढ. ती ज्याला लहानपणी लागली, तो पुढे ज्ञानेश्वरीही वाचील आणि इतिहासही वाचील. ती ज्याला लागली नाही, त्याच्या हातात तुम्ही सोन्याच्या अक्षरांचा ग्रंथ दिलात तरी तो तिसऱ्या पानावर जांभई देईल. साहसकथा ही ओढ लावते. तिचे काम तेवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

माझ्याकडे मुले येतात तेव्हा त्यांचे आईबाप पहिल्याच महिन्यात विचारतात, "राग कधी सुरू करणार?" मी त्यांना सांगतो, अगोदर मुलाला घरी जाताना जिन्यात गुणगुणू द्या. जिन्यात गुणगुणणारे मूल पुढे दहा वर्षे टिकते. नुसते पलटे घोकणारे मूल दोन परीक्षा देते, प्रमाणपत्र भिंतीला लावते आणि पेटी माळ्यावर जाते. मराठीच्या बाबतीत आपण आपल्या मुलांना नुसते पलटे दिले, आणि आता त्यांना गाणे का आवडत नाही म्हणून आपल्याला नवल वाटते.

चित्रांच्या पुस्तकांविषयी तर आपल्या जुन्या घरांतून विशेष अनादर आढळतो. 'चित्रे काय, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी!' किंवा, 'ही सगळी विलायती थेरे!' दोन्ही म्हणणी तपासून पाहावीत.

विलायती म्हणाल, तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जाऊन पाहा. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान् पिढ्या कागदावर रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या सांभाळून आहेत. एक चित्र पुढे धरायचे, त्यावरची कथा वाद्यांच्या साथीने गाऊन सांगायची, मग दुसरे चित्र. रामायण-महाभारत तिथल्या खेड्यांनी असे पाहत पाहत ऐकले. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र, शब्द आणि सूर यांचा असा मेळ आपल्या घरचा असताना चित्रपुस्तक परके कसे? आणि साध्या माणसांचे सोडा; औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः कुंचला हाती घेऊन रामायण रंगवले, ते 'चित्ररामायण' १९१६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. हेच बाळासाहेब १९३५ मध्ये आपल्या इंदुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चित्रे काढणारा राजा साहित्याच्या व्यासपीठावर बसलेला या गावाने पाहिला आहे. त्या गावाने चित्रांच्या पुस्तकाला नाक मुरडू नये.

शिवाय हे गाव चित्रकारांचे. १९२७ मध्ये देवळालीकर मास्तरांनी इथे कलाशाळा सुरू केली. तीतून बेंद्रे निघाले, तीत हुसेन शिकले. नारायण श्रीधर बेंद्रे तर भागवतांप्रमाणेच १९१० मध्ये इंदुरात जन्मलेले. एकाच वर्षी या शहराने एक चित्रकार दिला आणि एक गोष्ट सांगणारा दिला. त्याच कलाशाळेतले विष्णू चिंचाळकर गुरुजी २००० पर्यंत आपल्यात होते. कुमार गंधर्व, राहुल बारपुते, बाबा डिके आणि गुरुजी यांची मैत्री माळव्याला ठाऊक आहे. वाळकी काडी, गळलेले पान, फुटके भांडे यांत त्यांना हत्ती दिसे, म्हातारी दिसे, नाचणारा मोर दिसे. आणि ते मुलांनाही दिसायला शिकवीत. 'खुलते अक्षर खिलते अंक' या त्यांच्या हिंदी पुस्तकात अक्षरे आणि आकडे यांचीच चित्रे होतात. मराठी घरातला, मराठी बोलणारा हा माणूस. त्याची ही दृष्टी हिंदी मुलांपर्यंत पोचली याचा आनंदच आहे. पण आपल्या मराठी घरांनी ती किती घेतली, हा प्रश्न मनात राहतो.

आणि अनंत चतुर्दशीची रात्र? गिरण्यांच्या झांक्या पाहायला आपण सगळेच जागलो आहोत. दिव्यांनी लखलखलेली, हलती-बोलती ती दृश्ये म्हणजे रस्त्यावरून चालत जाणारे चित्रपुस्तकच. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, दुसऱ्याही गिरण्या थंडावल्या, तरी कामगारांनी झांक्या थांबवल्या नाहीत. बापाच्या खांद्यावर बसलेले पोर त्या रात्री एकही अक्षर न वाचता अख्खी कथा समजून घेते आणि घरी येईपर्यंत शंभर प्रश्न विचारते. चित्र हे न वाचता येणाऱ्यांसाठी असते म्हणणाऱ्यांनी ते शंभर प्रश्न मोजावेत.

चांगल्या चित्रपुस्तकात शब्द जे सांगतात तेच चित्र पुन्हा सांगत नाही. तबलजीने गवयाच्या बोलांची नक्कल केली तर ती साथ होत नाही. त्याने ठेका धरून आपली जागा भरायची असते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहिली म्हणजे हे नेमके समजते. त्या स्वतः गायिका, चित्रकार आणि लेखिका. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर', 'यश' या त्यांच्या मालिकांत राजवाडे नाहीत, राक्षस नाहीत. आपल्यासारखीच घरे आहेत. 'चित्रवाचन' या पुस्तकात तर वाचायचे ते चित्रच. ते मुलाच्या मांडीवर द्यावे आणि आपण गप्प बसावे. मूलच मराठीत बोलू लागते. आपल्या घरी जिथे तिसरे वाक्य हिंदीत घसरते, तिथे मुलाने आपण होऊन वीस वाक्ये मराठीत बोलणे ही लहान गोष्ट नव्हे.

आक्षेप घेणारे म्हणतील, चित्रामुळे मुलाची कल्पनाशक्ती बांधली जाते. बंदिशीचे शब्द आणि चाल बांधलेलीच असतात. म्हणून गवयाची कल्पना आटते का? उलट बांधलेल्या बंदिशीच्या आधारानेच तो मोकळा होतो. वेताळाला खांद्यावर घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम 'चांदोबा'त ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातले स्मशान त्या चित्राएवढे राहिले नाही. ते कितीतरी पसरले, आणि काहींची तर झोपही उडाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. फेणे आता जुना झाला. सायकल, पत्र, टेलिफोन यांचे ते जग आजच्या मुलाला परके आहे. आणि त्या काळच्या साहसकथांत मुली फार थोड्या. यात तथ्य आहे. आज दहा वर्षांच्या मुलीने पुस्तक उघडले तर तिला आपल्यासारखे कोणीतरी त्यात दिसायला हवे. परंतु यावर उपाय जुनी पुस्तके बंद करण्याचा नाही, नवी लिहिण्याचा आहे. बंगाल्यांकडे पाहावे. उपेंद्रकिशोर रायांनी १९१३ मध्ये मुलांसाठी 'संदेश' मासिक काढले, मुलगा सुकुमार त्यात लिहिता झाला, आणि १९६१ मध्ये नातू सत्यजित राय यांनी बंद पडलेले ते मासिक पुन्हा सुरू केले. जगभर कीर्ती झालेल्या त्या दिग्दर्शकाला मुलांसाठी गुप्तहेराच्या गोष्टी लिहिणे, त्यांची चित्रे काढणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्याकडे मात्र मुलांसाठी लिहिणाऱ्याला 'मोठेपणी काय लिहिणार?' असे विचारतात.

तिसरे म्हणणे पैशाचे. रंगीत पुस्तक महाग पडते, हे खरे. पण ज्या घरात वाढदिवसाला पंचवीस मुलांना प्लास्टिकची भेट वाटली जाते, त्या घराने हे म्हणू नये. आणि ज्याला खरोखरच परवडत नाही त्याच्यासाठीही वाट आहे. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मराठीतले नामवंत लेखक आणि चित्रकार त्यात मुलांसाठी राबले आहेत. पुण्याच्या पुस्तकांच्या दुकानापासून आपण दूर आहोत, ही सबब आता चालणार नाही.

मग करावे काय? मोठाल्या ठरावांवर माझा विश्वास नाही. साहित्य संमेलन या शहरात १९१७ मध्ये भरले, १९३५ मध्ये भरले, २००१ मध्ये भरले. ठराव पुष्कळ झाले असतील. मला सुचतात त्या गोष्टी अगदी घरगुती आहेत.

पहिली गोष्ट, रोज रात्री पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे. आजोबांनी वाचावे, आजीने वाचावे. आईबाप दमून आलेले असतात, आणि आजी-आजोबांजवळ वेळही आहे, जुने मराठीही आहे. रंगात आलेल्या ठिकाणी पुस्तक मिटावे. "पुढचे उद्या" म्हणावे. मुलाने रडून गोंधळ घातला तर समजावे की काम झाले. दुसरी गोष्ट, अडलेल्या शब्दाला हसू नये. आपली मुले 'तू काय करून राहिलास' असे म्हणतात, 'मला भूक लागून राहिली' म्हणतात. सुटीत पुण्याचे नातलग त्यावर हसतात, आणि ते मूल पुन्हा त्यांच्यापुढे मराठीत तोंड उघडत नाही. बेसूर लागलेल्या मुलाला मी हसलो असतो तर आज माझ्याकडे एक विद्यार्थी उरला नसता.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थांसाठी. एका जुन्या वाचनालयात मी लहान मुलांची पुस्तके पाहिली आहेत. ती काचेच्या कपाटात, कुलपात, मोठ्या माणसाच्या डोक्याहून उंच फळीवर होती. विचारले तर उत्तर आले, "मुले फाडतात." फाडू द्यावीत. जे पुस्तक फाटले ते वाचले गेले. मुलांची फळी मुलाच्या कमरेएवढी उंच असावी, तिला काच नसावी, आणि तिच्यासमोर एक सतरंजी असावी. गणेशोत्सवात पाठांतराच्या स्पर्धा होतात, त्या खुशाल होवोत. त्यांच्या जोडीला एक स्पर्धा अशीही असावी, की मुलाने वाचलेली गोष्ट आपल्या शब्दांत रंगवून सांगायची. आणि मुंजीत येणाऱ्या पाकिटांपैकी एक पाकीट तरी पुस्तकांचे असावे.

चौथी गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी. या पानावर लिहिणारे आणि वाचणारे कितीतरी हात आहेत, त्यांना आठवणी लिहिण्याची हौस आहे. राजवाड्याच्या, दसऱ्याच्या स्वारीच्या, जुन्या वाड्यांच्या त्या आठवणी मीही आवडीने वाचतो. पण त्यांतली एखादी आठवण घेऊन तिच्यात एक धाडसी मुलगी घालावी, एक हरवलेली किल्ली घालावी, काळाकुंडचा बोगदा घालावा, आणि ती नातवंडांसाठी लिहावी. शेजारच्या चित्रकाराला हाक मारून चार चित्रे काढून घ्यावीत. पहिल्या गोष्टीला सम चुकेल. दहाव्या गोष्टीला बरोबर सापडेल.

आपण मराठी माणसे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलो ते घोड्यावर बसून, वाट ठाऊक नसताना, नर्मदा ओलांडून. आपल्या घराण्यांचा आरंभच एका साहसकथेने झाला आहे. त्या घराण्यांतल्या मुलांना आपण मराठीत केवळ 'नीट बस, शहाण्यासारखा वाग' एवढेच सांगत राहिलो, तर मराठी ही त्यांना दटावण्याची भाषा वाटेल, आणि दटावण्याच्या भाषेपासून मुले पळतात. तिच्यातून एखादा चोर पळू द्यावा, एखादे जहाज बुडू द्यावे, कोणी चंद्रावर जाऊ द्यावे. मग ती भाषा आपल्या घरात राहावी म्हणून आपल्याला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.